पाऱ्याचा थेंब आणि प्रवाहाची पायरी

१९१८ साली डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेत प्रागचे भौतिकशास्त्रज्ञ बोहुमिल कुचेरा यांनी यारोस्लाव्ह हेरॉव्हस्की यांच्यापुढे एक कोडं टाकलं. बारीक केशनळीतून द्रावणात पाऱ्याचे थेंब पडू द्यायचे, पाऱ्याला व्होल्टेज द्यायचं आणि थेंब तोलून पृष्ठताण काढायचा, ही कुचेरांची पद्धत. ठरावीक व्होल्टेजला मात्र आलेख अपेक्षेपेक्षा वेगळा जाई. हेरॉव्हस्कींची पुढची काही वर्षं थेंब गोळा करून तोलण्यात गेली. काम किचकट, आणि खरं तर मोजायची राशीच दुसरी होती. १० फेब्रुवारी १९२२ रोजी त्यांनी गॅल्व्हानोमीटर (बारीक प्रवाह मोजणारं यंत्र) जोडून थेंबातून वाहणारा प्रवाह मोजला. पोलरोग्राफी, म्हणजे थेंबातल्या प्रवाहावरून द्रावणातले पदार्थ ओळखण्याची पद्धत, तिथून सुरू झाली. १९५९ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच कामासाठी मिळालं.

मांडणी साधी आहे. आतला व्यास ०.०५ ते ०.०८ मिमी असलेली काचेची केशनळी आणि तिला रबरी नळीनं जोडलेलं, सुमारे अर्धा मीटर उंचावर टांगलेलं पाऱ्याचं भांडं. दर तीन ते पाच सेकंदांनी थेंब सुटेल अशी उंची ठेवायची आणि व्होल्टेज सावकाश ऋण बाजूला न्यायचं. पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात शिसं असेल, तर कॅलोमेल इलेक्ट्रोडच्या (तुलनेसाठी वापरायचा स्थिर व्होल्टेजचा इलेक्ट्रोड) तुलनेत −०.४ व्होल्टच्या आसपास प्रवाह चढतो आणि मग सपाट होतो. ही शिशाची पायरी. कॅडमियमची −०.६ ला येते, जस्ताची −१.० ला. पायरी कुठे आली यावरून धातू ओळखायचा, ती किती उंच यावरून त्याचं प्रमाण काढायचं.

थेंबच का? कारण दर काही सेकंदांनी इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग नवाकोरा मिळतो, आधीच्या क्रियेची घाण उरत नाही. शिवाय पाऱ्यावर हायड्रोजन सहजासहजी सुटत नाही, त्यामुळे जस्तासारख्या धातूंपर्यंत पोचता येतं. धन बाजूला मात्र +०.४ व्होल्टच्या आतच पारा स्वतः विरघळू लागतो.

१९२४ मध्ये हेरॉव्हस्की आणि जपानहून आलेले मासुझो शिकाता यांनी आलेख फोटोच्या कागदावर आपोआप उमटवणारं यंत्र बनवलं. १९३४ मध्ये दिओनिझ इल्कोविच यांनी पायरीच्या उंचीचं समीकरण मांडलं.

नवख्याचा पहिला आलेख बहुधा ऑक्सिजनमुळे बिघडतो. विरघळलेली हवा स्वतःच्याच दोन पायऱ्या काढते, म्हणून द्रावणातून १० ते १५ मिनिटं नायट्रोजन सोडतात. मोजताना तो पृष्ठभागावरून वाहू द्यावा, आतून बुडबुडे नकोत. अल्कधर्मी द्रावणात सोडियम सल्फाइट टाकूनही भागतं. आम्लात नाही, कारण तिथे त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो आणि तो आपलीच पायरी दाखवतो. पोटॅशियम क्लोराइड धातूच्या किमान ५० पट हवं, नाहीतर आयन विद्युतक्षेत्रानंही ओढले जातात आणि उंची फसवी येते. पायरीच्या माथ्यावर टोकदार सुळका दिसला तर ०.००५ टक्के जिलेटिन पुरतं. जिलेटिन टाकताना हात सैल सोडला तर पायरीच दबते.

केशनळी तुंबते ती मात्र निव्वळ घाईमुळे. पारा वाहता असतानाच टोक द्रावणात बुडवायचं, वाहता असतानाच बाहेर काढून धुवायचं आणि मगच भांडं खाली घ्यायचं. क्रम उलटा झाला की द्रावण नळीत शिरून आत सुकतं. पायरीच्या उंचीबद्दल शंका आली तर भांड्याची उंची ४० वरून ६४ सेंमी करून पाहावी. प्रवाह विसरणानं, म्हणजे आयन आपोआप थेंबाकडे पसरत येण्यानं, ठरत असेल, तर तो सुमारे १.२६ पट वाढतो.

नव्या थेंबाची किंमतही मोजावी लागते. प्रत्येक थेंब विद्युतभारित होताना थोडा प्रवाह खातो आणि लिटरमागे १० मायक्रोमोलच्या खाली (कॅडमियमसाठी सुमारे १.१ मिलिग्रॅम) त्यात धातूची पायरी बुडू लागते. हा प्रवाह थेंब जुना होईल तसा ओसरतो. म्हणून पुढे आलेल्या स्पंद पद्धतीत व्होल्टेजचा छोटा स्पंद थेंबाच्या अखेरीस देतात आणि त्याच्याही शेवटच्या काही मिलिसेकंदांतच प्रवाह टिपतात.