पबमेडमध्ये असणे आणि मेडलाइनमध्ये असणे

पुण्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करताना ‘हा पेपर पबमेड-इंडेक्स्ड आहे’, म्हणजे पबमेड या वैद्यकीय लेखांच्या नोंदी शोधण्याच्या संकेतस्थळावर सूचिबद्ध आहे, हे वाक्य मला आठवड्यातून दोन-चारदा तरी ऐकावे लागते. पोटविकार विभागातले निवासी डॉक्टर ते बोलतात, त्यांचे मार्गदर्शक बोलतात आणि नियतकालिकांच्या जाहिरातींत तर ते ठळक अक्षरांत छापलेले असते. या एका वाक्यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत झालेली आहे आणि तिचे परिणाम प्रबंधापासून उपचारांच्या निर्णयापर्यंत पोहोचू शकतात, म्हणून ती एकदा नीट सोडवून दाखवणे मला आवश्यक वाटते.

पबमेड कसे वापरायचे हे वाचकांना ठाऊक आहेच. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने १९९७ मध्ये ते सर्वांसाठी मोफत खुले केले, एवढे सांगून पुढे जाते. मेडलाइन ही वैद्यकीय लेखांची सूची त्याहून जुनी आहे. याच ग्रंथालयाची इंडेक्स मेडिकस ही छापील सूची १८७९ पासून निघत होती आणि त्याच परंपरेतून १९७१ मध्ये मेडलाइन ऑनलाइन उपलब्ध झाली. आज पबमेड ही शोधण्याची जागा आहे आणि मेडलाइन हा तिथल्या नोंदींपैकी सर्वांत मोठा, पण निवड करून घेतलेला भाग आहे.

खरी गफलत ‘निवड’ या शब्दापाशी होते. एखादे नियतकालिक मेडलाइनमध्ये घ्यायचे की नाही, हे तज्ज्ञांची एक समिती त्याचा दर्जा, संपादनाची पद्धत आणि विषयाची व्याप्ती पाहून ठरवते. पबमेडमध्ये शिरायला मात्र आणखीही वाटा आहेत. २००० मध्ये सुरू झालेले पबमेड सेंट्रल हे संपूर्ण लेखांचे भांडार आहे आणि तिथे आलेल्या लेखाची नोंद पबमेडमध्येही दिसते. पबमेड सेंट्रल स्वतःकडे येणारी नियतकालिके तपासते, हे मान्यच आहे. परंतु अमेरिकेच्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ’ या सरकारी संस्थेच्या संशोधन निधीतून झालेल्या कामाचे हस्तलिखित तिथे जमा करणे २००८ पासून बंधनकारक आहे आणि असे हस्तलिखित, ज्या नियतकालिकाची कोणतीही निवड झालेली नाही त्यातले असले, तरी आत येते. २०२० पासून तर काही प्रीप्रिंटही, म्हणजे समीक्षा न झालेले मसुदेही, तसा स्पष्ट उल्लेख करून पबमेडमध्ये दाखवले जातात. तेव्हा पबमेडमध्ये लेख सापडला, यावरून त्याची नोंद झाली आहे एवढेच कळते.

गेल्या पावसाळ्यात एक निवासी डॉक्टर आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स, म्हणजे आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचा आजार, यांतला फरक ओळखण्यावरचे पेपर घेऊन आली होती. हे दोन आजार कोलोनोस्कोपीत आणि बायोप्सीतही एकमेकांसारखे दिसतात, आणि क्षयरोगाला क्रोन्स समजून स्टिरॉइड सुरू केले तर रुग्णाची प्रकृती गंभीर होऊ शकते. एका पेपरावर बोट ठेवून ती म्हणाली, “मॅडम, हा पबमेडचा आहे, म्हणजे धरायला हरकत नाही ना?” मी नोंद उघडली, डिस्प्ले ऑप्शन्समध्ये जाऊन ‘अ‍ॅबस्ट्रॅक्ट’च्या जागी ‘पबमेड’ हे स्वरूप निवडले आणि वरच्या ओळींत ‘स्टॅट’ या शब्दापुढे काय लिहिले आहे ते तिला वाचायला सांगितले. तिथे ‘पबमेड-नॉट-मेडलाइन’ असे होते. तिने पहिल्यांदाच ती ओळ पाहिली होती. माझ्या मते पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्याच आठवड्यात ही ओळ प्रत्येकाला दाखवली गेली पाहिजे.

त्यानंतर तिने तो पेपर लगेच वगळायला घेतला, तेव्हा मला तिला थांबवावे लागले, कारण मेडलाइनची समिती नियतकालिक निवडते, प्रत्येक लेखाची हमी देत नाही. पोटविकारांच्याच क्षेत्रातले उदाहरण घ्यायचे, तर अँड्र्यू वेकफील्ड यांचा बारा मुलांवरचा, आतड्यांच्या दाहाचा संबंध वर्तनविकाराशी जोडणारा लेख फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आला होता. नियतकालिक अव्वल दर्जाचे आणि मेडलाइनमधलेच होते. तरीही तो लेख २०१० मध्ये मागे घ्यावा लागला आणि आज त्याच्या नोंदीवर तसा शेरा दिसतो. उलट, मेडलाइनबाहेरच्या लेखात एखाद्या भारतीय रुग्णालयाने अनेक वर्षे जपलेला क्षयरोगाचा अनुभव असू शकतो. लेख वाचूनच पारखावा लागतो आणि त्याला पर्याय नाही.

मग हा भेद कशासाठी लक्षात ठेवायचा? मुख्यतः शोधासाठी. मेडलाइनमधल्या लेखांना ‘मेश’ या नियंत्रित शब्दसूचीतले विषयशब्द दिले जातात, आणि खरे ‘इंडेक्सिंग’ म्हणतात ते यालाच. म्हणूनच ‘पबमेड-इंडेक्स्ड’ हा शब्दप्रयोग मला मुळातच चुकीचा वाटतो. एक लेखक ‘अ‍ॅब्डॉमिनल ट्युबरक्युलोसिस’ लिहितो, दुसरा ‘इंटेस्टिनल’ आणि तिसरा ‘इलिओसीकल’, परंतु मेशमध्ये हे सगळे ‘ट्युबरक्युलोसिस, गॅस्ट्रोइंटेस्टिनल’ या एका शब्दाखाली शोधता येते. ही सोय मोठी आहे, पण केवळ मेशवर शोध बांधला की मेडलाइनबाहेरचे सारे लेख नजरेआड होतात, आणि आपल्याकडची अनेक नियतकालिके मेडलाइनबाहेर असल्यामुळे ज्या देशात हा आजार रोज पाहायला मिळतो, तिथलेच लेखन सर्वांत आधी गळते. म्हणून मेशशब्द आणि साधे शब्द ‘ऑर’ने, म्हणजे ‘किंवा’ने, जोडून शोध करावा, असा माझा ठाम आग्रह असतो.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. पीएमआयडी हा पबमेडमधल्या नोंदीचा क्रमांक, आणि पीएमसीने सुरू होणारा क्रमांक पबमेड सेंट्रलमधल्या संपूर्ण लेखाचा. संदर्भसूचीत दोन्ही दिले तरी चालतात.

पदोन्नतीच्या अर्जात मात्र हा घोळ महाग पडतो. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या फेब्रुवारी २०२० च्या परिपत्रकात मान्य सूचींमध्ये मेडलाइन आणि पबमेड सेंट्रल ही नावे होती, नुसते ‘पबमेड’ नव्हते. नियम नंतरही बदलले आहेत, तेव्हा त्या त्या वेळचा मजकूर वाचावा आणि अर्जात ‘पबमेड-इंडेक्स्ड’ असे कधीही लिहू नये. नियतकालिक मेडलाइनमध्ये आहे का, हे नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या एनएलएम कॅटलॉगमध्ये त्याचे नाव टाकून दोन मिनिटांत पाहता येते. ‘करंटली इंडेक्स्ड फॉर मेडलाइन’ ही नोंद तिथे दिसली, तर त्या पानाची प्रत काढून अर्जाला जोडावी.