फडातला खोकला आणि अर्ध्यावर सुटणाऱ्या गोळ्या

दिवाळीच्या आसपास कर्नाटकातल्या चिकोडी, अथणी, रायबाग, निपाणी भागातले साखर कारखाने पेटतात आणि बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या फडावर उतरतात. पाचटाची धूळ आणि जाळलेल्या उसाची काजळी नाकातोंडात जातच असते. मग खोकल्याला आजार कोण म्हणणार? कोयता चालतोय तोवर माणूस बरा. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची असते, खाडा पडला की दंड. म्हणून दुखणं अंगावर काढायचं, अगदीच उभं राहवेना तेव्हा संध्याकाळी खासगीत एक सुई. याला अडाणीपणा म्हणू नये. सरकारी ओपीडी आणि ऊसतोड, दोन्हींची वेळ एकच.

सुईने ताप उतरतो, पण खोकला क्षयाचा (टीबीचा) असेल तर त्याचे जंतू तिथेच राहतात. खोकला दोन आठवड्यांवर गेला, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरतंय, तर बेडका तपासायला हवा. सकाळी चूळ भरून, दोन-तीनदा खोल श्वास घेऊन छातीतून खाकरून काढलेला घट्ट बेडकाच हवा. डबीत नुसती लाळ गेली तर क्षय असूनही तपासणीत तो निसटू शकतो.

साध्या क्षयाचा उपचार सहा महिने, रोज: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. एकाच गोळीत सगळी औषधं एकत्र असतात; रोज किती गोळ्या ते वजनावर ठरतं. ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ ला चार. गाडी अडते ती दोन ठिकाणी. यातल्या रिफाम्पिसिन या औषधामुळे लघवी नारिंगी होते; फडावर त्याला ‘उष्णता पडली’ म्हणतात आणि गोळ्या बंद होतात. तो निव्वळ औषधाचा रंग. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, तर मात्र यकृताला त्रास असू शकतो; गोळ्या थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. दुसरी अडचण बरं वाटण्याची. महिन्याभरात भूक लागते, ताप जातो, पण संथ वाढणारे जंतू शिल्लक असतात. तिथेच सोडलं की आजार उलटतो, आणि औषधांना न जुमानणारा होऊ शकतो.

उपचार हंगामाच्या मध्येच सुरू झाले तर सहा महिने पुरे होण्याआधी गाळप संपतं, त्यामुळे मध्येच गाव बदलणं आलंच. क्षयरुग्णाच्या सरकारी नोंदीचा निक्षय क्रमांक देशभर चालतो. निघण्याआधी आरोग्य केंद्रावर ‘बदली करून द्या’ म्हणायचं आणि वाटेपुरत्या गोळ्या मागून घ्यायच्या. औषध फुकट आहे, त्याला कर्नाटकाचं रेशनकार्ड लागत नाही. पोषणाचे महिना १००० रुपये (नोव्हेंबर २०२४ पासून, आधी ५०० होते) बँक खात्यात येतात. भाषेची धास्ती नको: खोकल्याला कन्नडात ‘केम्मु’, कफ आणि क्षय तेच. नोंदीत मात्र मुकादमाचा नव्हे, स्वतःचा चालू मोबाईल नंबर द्यावा.