उच्च प्राथमिक वर्गांतील संविधान शिक्षण

इयत्ता सहावी ते आठवीच्या, म्हणजे साधारण ११ ते १४ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांना भारताच्या संविधानाची ओळख करून देणारे शालेय शिक्षण. महाराष्ट्रात हा भाग नागरिकशास्त्रात येतो आणि नागरिकशास्त्र इतिहासाच्या पुस्तकात मागच्या बाजूला छापलेले असते. त्यामुळे वर्ष संपता संपता उरलेल्या तासिकाच त्याच्या वाट्याला येतात. कायद्याच्या दृष्टीने त्याचे स्थान इतके मागे नाही. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २९ प्रमाणे प्राथमिक स्तराचा सगळा अभ्यासक्रमच संविधानातील मूल्यांशी सुसंगत असावा लागतो.

बालभारतीच्या २०१६ ते २०१८ या काळात आलेल्या पुस्तकांत सहावीला स्थानिक शासन संस्था, सातवीला प्रत्यक्ष संविधान (उद्देशिका, वैशिष्ट्ये, मूलभूत हक्क, मार्गदर्शक तत्त्वे, कर्तव्ये) आणि आठवीला संसद, मंत्रिमंडळ, न्यायव्यवस्था, राज्यशासन असा क्रम होता. क्रम बरा आहे, कारण ग्रामपंचायत मुलांना डोळ्यांनी पाहता येते. मात्र पंचायती आणि नगरपालिका १९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानात आल्या, हा धागा सहावीतच हाती दिला नाही तर सातवीतले संविधान मुलांना दिल्लीत कुठेतरी कपाटात ठेवलेले पुस्तक वाटते.

या विषयाचा सर्वांत मोठा धोका म्हणजे त्याचे नीतिशिक्षण होणे. खरे बोलावे, झाडे लावावीत, मोठ्यांचा मान राखावा, अशा यादीत संविधान विरघळून जाते. संविधान मुख्यतः सत्ता कोणाकडे असावी, ती किती असावी आणि ती चुकली तर काय करायचे हे सांगते. वर्ग या प्रश्नापर्यंत पोचला नाही, तर मुलांना उद्देशिका तोंडपाठ येते आणि संविधान येत नाही.

शब्दांची अडचण

मराठीत एकाच गोष्टीला दोन-तीन नावे आहेत : संविधान आणि राज्यघटना, उद्देशिका, प्रास्ताविका आणि सरनामा, हक्क आणि अधिकार. पुस्तकात एक, वर्तमानपत्रात दुसरे आणि भाषणात तिसरे, असे कानावर पडल्याने मुलांना त्या वेगवेगळ्या वस्तू वाटतात. ‘घटना’ म्हटल्यावर अपघाताची बातमी आठवणारी मुलेही असतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. संविधानाच्या अधिकृत मराठी पाठात ‘अनुच्छेद’ असतो, तर ‘कलम’ हा अधिनियमाचा भाग. बोलण्यात मात्र सर्रास ‘कलम’च चालते. पहिल्याच तासिकेला फळ्याच्या कोपऱ्यात या जोड्या लिहून त्या महिनाभर न पुसणे, हा साधा उपाय चांगला लागू पडतो.

उद्देशिकेचे वाचन

उद्देशिका परिपाठात म्हटली जाते, म्हणून ती समजलेली आहे असे गृहीत धरू नये. ते एकच लांबलचक वाक्य आहे. त्याचा कर्ता ‘आम्ही, भारताचे लोक’ अगदी आरंभी आणि क्रियापद ‘अर्पण करत आहोत’ अगदी शेवटी असल्याने मुले मध्येच हरवतात. म्हणून आधी दोन्ही टोके जोडावीत : कोण? काय करत आहोत? कोणाला? ‘स्वतःप्रत’ (म्हणजे स्वतःलाच) या शब्दापाशी थांबावे; हे संविधान कोणा राजाने दिलेले नाही, ही गोष्ट त्या एका शब्दात आहे. मग मधला मजकूर पट्ट्यांवर लिहून पाच-सहा जणांच्या गटांना लावायला द्यावा. त्यात तीन प्रकारचा न्याय, पाच गोष्टींचे स्वातंत्र्य, दोन बाबतींतली समानता आणि शेवटी बंधुता येते. ‘प्रवर्धित’ (वाढवलेले) आणि ‘अधिनियमित’ (कायदा म्हणून संमत केलेले) हे शब्द आधी सोपे करून सांगावे लागतात. या कामाला दोन तासिका लागतात. एका तासिकेत उरकले तर बंधुता राहून जाते.

एखादे चौकस मूल विचारतेच : वाक्यात तारीख २६ नोव्हेंबर १९४९ ची आहे, मग ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने आले असे पुस्तक कसे म्हणते? हा प्रश्न टाळू नये. दुरुस्ती मूळ मजकुरातच घातली जाते, तारीख तशीच राहते. संविधान बदलू शकते ही कल्पना मुलांना इथेच पहिल्यांदा भेटते.

वर्गाचे संविधान

नियम तयार करण्याचा हा उपक्रम अनेक शाळांत होतो आणि बहुधा फसतो, कारण मुले ‘गडबड करू नये’, ‘गृहपाठ करावा’ अशी शिस्तीची यादी आणि तिच्याखाली शिक्षा लिहितात. ती आचारसंहिता झाली. शिक्षकाने तीन प्रश्न विचारले की कागद बदलतो : मॉनिटर कोण ठरवणार आणि किती दिवसांसाठी? मॉनिटरने खोटेच नाव फळ्यावर लिहिले तर कोणाकडे जायचे? मधल्या सुटीत मागच्या बाकावरच्यांनी खेळायचे नाही असे ४० पैकी ३५ जणांनी ठरवले, तर तो नियम चालेल का? तिसऱ्या प्रश्नावर वर्गात वाद पेटतो. बहुमतालाही हात लावता येणार नाही असे काही असावे लागते हे मुले स्वतःच म्हणू लागतात, आणि मूलभूत हक्कांचा धडा तिथून सुरू करता येतो.

हक्क कोणाविरुद्ध?

‘आईने मोबाईल काढून घेतला, माझ्या स्वातंत्र्यावर गदा आली’ हे वाक्य प्रत्येक वर्गात येते. मूलभूत हक्क प्रामुख्याने शासनसंस्थेविरुद्ध आहेत, हे त्याचे उत्तर. अस्पृश्यता (अनुच्छेद १७), वेठबिगारी (२३) आणि १४ वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामाला ठेवणे (२४) या मनाया मात्र खाजगी व्यक्तींनाही लागू आहेत. अनुच्छेद १५(२) मध्ये भेदभावाला मनाई करताना दुकाने, हॉटेले, विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांचा उल्लेख आहे. संविधानात विहीर आणि तलाव कशाला, असे विचारून मग २० मार्च १९२७ चा महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह सांगावा. त्यानंतर तो अनुच्छेद वेगळा समजावून सांगावा लागत नाही. अस्पृश्यता ‘पूर्वी होती’ असे सांगून पाठ गुंडाळू नये. त्याचबरोबर शिष्यवृत्तीची यादी वाचून किंवा मुलांना उभे करून जातीची उदाहरणे वर्गातूनच घेणे हा अपराधच समजावा; एका मुलाचा अपमान करून समानता शिकवता येत नाही.

शाळकरी मुलांशी थेट संबंध असलेला निकाल म्हणजे बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य (१९८६). राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहणारी, पण धार्मिक श्रद्धेमुळे ते न गाणारी तीन भावंडे शाळेतून काढली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने हे काढून टाकणे अनुच्छेद १९(१)(क) (अभिव्यक्तिस्वातंत्र्य) आणि २५ (धर्मस्वातंत्र्य) यांचा भंग ठरवले. वर्गात आधी फक्त हकिगत सांगावी, मुलांना कारणासह मत लिहू द्यावे आणि निकाल दुसऱ्या दिवशी सांगावा. हात वर करून मतदान घेऊ नये. न्यायालयाचे काम लोकांच्या बहुमताने चालत नाही, हेच तर शिकवायचे असते.

कर्तव्यांबाबत उत्तरपत्रिकांत एक वाक्य हटकून सापडते : ‘कर्तव्ये पाळली तरच हक्क मिळतात.’ संविधानात अशी अट नाही. अनुच्छेद ५१-क मध्ये १९७६ साली दहा कर्तव्ये आली आणि २००२ मध्ये अकरावे. हे अकरावे कर्तव्य ६ ते १४ वयाच्या पाल्याला शिक्षणाची संधी देण्याचे, म्हणजे पालकांचे आहे. त्याच ८६ व्या दुरुस्तीने शिक्षणाचा हक्क (२१-क) आला, हे मुलांना आवर्जून सांगावे.

दुरुस्तीचे गणित

आठवीत घटनादुरुस्तीची पद्धत सांगणारा अनुच्छेद ३६८ पाठ करून घेण्यापेक्षा तो वर्गात मोजून दाखवावा. वर्ग ४० जणांचा, त्यातले ३० हजर आणि सगळे मतदान करणारे. साध्या विधेयकाला १६ मते पुरतात. घटनादुरुस्तीला हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन-तृतीयांश म्हणजे २० मते हवीत, शिवाय एकूण सदस्यांचे बहुमत म्हणजे २१. म्हणून २१ लागतात. ३६ जण हजर असतील तर आकडा २४ वर जातो. गणपूर्ती (सभागृह चालण्यासाठी लागणारी किमान उपस्थिती) एक-दशांश असल्याने चार जणांच्या उपस्थितीतही साधे विधेयक तिघांच्या मतांनी संमत होऊ शकते, हे ऐकून वर्ग अवाक् होतो. संघराज्याशी संबंधित काही तरतुदींना निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही लागते, एवढे या वयाला पुरे.

मूल्यमापन

‘संविधान तयार व्हायला किती दिवस लागले?’ हा परीक्षेचा लाडका प्रश्न. ९ डिसेंबर १९४६ ते २६ नोव्हेंबर १९४९ हा काळ २ वर्षे ११ महिने १७ दिवसांचा. दोन्ही टोकांचे दिवस धरले तर १८. एवढ्यावरून गुण कापण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, हे सांगून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीला कशाकशाला उत्तर द्यावे लागले असेल असे विचारावे. संविधान एका माणसाने एका बैठकीत लिहिले, हा समज त्याने जातो आणि बाबासाहेबांचे काम कमी न होता अधिक नीट दिसते. प्रसंगावरील प्रश्नाची उत्तरे चार भागांत तपासावीत : काय घडले, कोणता अनुच्छेद लागतो, तो कोणाला बांधतो, दाद कुठे मागायची. चौथा भाग मुले बहुतेक वेळा कोरा सोडतात. मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात (अनुच्छेद ३२) किंवा उच्च न्यायालयात (२२६) जाता येते, हे हक्कांच्या यादीच्या शेवटी न ठेवता पहिल्याच हक्कासोबत शिकवले तर ती जागा भरू लागते.