सायनस लिफ्ट आणि इम्प्लांटची टक्केवारी: आकडे आले कुठून?

वरची दाढ काढून बरीच वर्षे लोटली की तिथे इम्प्लांट (कृत्रिम दात धरून ठेवण्यासाठी हाडात बसवायचा स्क्रू) बसवणाऱ्याची दोन्हीकडून कोंडी होते. खालून हिरडीकडचे हाड झिजते आणि वरून सायनस, म्हणजे गालाच्या हाडातली हवेची पोकळी, खाली उतरत येते. कधी कधी मधे जेमतेम ३-४ मिलिमीटर हाड उरते, तेही भुसभुशीत. अशा सर्वांत मऊ हाडात ३५ टक्के इम्प्लांट निकामी झाल्याचे जॅफिन आणि बर्मन यांनी १९९१ मध्ये नोंदवले होते. बाकीच्या हाडात हेच प्रमाण ३ टक्के होते.

सायनसपर्यंत पोचायची वाट मात्र जुनीच. १८९० च्या दशकात अमेरिकेत कॉल्डवेल आणि फ्रान्समध्ये ल्यूक यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, ओठाखालून हाडात खिडकी पाडून सायनस साफ करण्याची शस्त्रक्रिया मांडली. १९७० च्या दशकात हिल्ट टेटम यांनी तशीच खिडकी पाडली, पण आतला पडदा (सायनसचे अस्तर) काढून टाकण्याऐवजी तो जपून वर उचलायचा आणि खाली हाड भरायचे ठरवले. हीच सायनस लिफ्ट. १९७६ मध्ये त्यांनी हे काम एका बैठकीत मांडले. छापील शोधनिबंध मात्र १९८० मध्ये बॉइन आणि जेम्स यांचा आला. त्यांनी कमरेच्या हाडाचे कलम भरले होते.

सगळी कसरत या पडद्याची. तो बहुधा १ मिलिमीटरहूनही पातळ, अंड्याच्या कवचाआतल्या पापुद्र्यासारखा. खिडकीच्या कडेने वाकड्या, बोथट उपकरणाने तो हाडापासून हळूहळू सोडवायचा, वर सरकवायचा आणि खाली झालेल्या जागेत हाडाची भुकटी भरायची. हात जरा घाईने चालला की पडदा फाटतो. पुढच्या एका मोठ्या आढाव्यात हे साधारण पाचातल्या एका शस्त्रक्रियेत घडल्याचे दिसले. छोटी फाट बहुतेक वेळा सावरता येते, मोठी असेल तर काम थांबवणेच शहाणपणाचे.

१९९४ मध्ये समर्स यांनी खिडकीच टाळली. इम्प्लांटसाठी पाडलेल्या भोकातूनच ऑस्टिओटोमवर (हाड दाबणाऱ्या दांड्यासारख्या उपकरणावर) ठोके देत सायनसचा तळ वर ढकलायचा. रुग्णाला सोपे, पण अट हाडाची. या पद्धतीच्या १९९९ च्या अहवालात मूळ हाड ५ मिलिमीटर किंवा जास्त असताना ९६ टक्के इम्प्लांट टिकले. ४ किंवा कमी असताना ८५.७ टक्के.

आता टक्केवारीकडे येऊ. १९९६ मध्ये अमेरिकेत तज्ज्ञांची एक परिषद भरली आणि गोळा झालेल्या माहितीवरून ३ वर्षांनंतर सुमारे ९० टक्के यश असा निष्कर्ष निघाला. २००८ मध्ये प्येतुरसन आणि सहकाऱ्यांच्या आढाव्यातही सरसकट ३ वर्षांचा आकडा ९०.१ टक्केच निघाला. म्हणजे मधल्या काळात काहीच सुधारले नाही? तसे नाही. त्या सरासरीत जुने, गुळगुळीत पृष्ठभागाचे इम्प्लांटही होते. खडबडीत पृष्ठभागाचे इम्प्लांट घेऊन खिडकीवर आवरण घातलेले रुग्ण वेगळे काढले, तर आकडा ९८.३ टक्क्यांवर गेला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली खरी कलाटणी हीच आहे. कलमात काय भरायचे यावर वर्षानुवर्षे वाद झाले, पण निकाल फिरवण्यात इम्प्लांटच्या पृष्ठभागाचा वाटा मोठा.

त्याच आढाव्यातला दुसरा आकडा जाहिरातींत सहसा सापडत नाही. इम्प्लांटऐवजी माणसे मोजली, तर ३ वर्षांत १६.६ टक्के रुग्णांचा निदान एक इम्प्लांट गेला होता. एकेका रुग्णाला अनेक इम्प्लांट बसतात, त्यामुळे दोन्ही गणिते एकाच वेळी बरोबर असू शकतात. खुर्चीत बसणाऱ्याला मात्र दुसरे जास्त कामाचे.

पुढे प्रश्नाचा रोखच बदलला. २००४ मध्ये लुंडग्रेन यांनी दाखवले, की पडदा वर उचलून धरला आणि इम्प्लांट बसवले, तर खाली साचलेल्या रक्ताच्या गुठळीतूनही हाड तयार होते, कलमाशिवाय. आणि मधे ५-६ मिलिमीटर हाड असेल तिथे ६ मिलिमीटरचे आखूड इम्प्लांट थेट बसवून केलेल्या तुलनात्मक चाचण्यांत, सायनस उचलून बसवलेल्या लांब इम्प्लांटपेक्षा टिकण्यात फारसा फरक दिसलेला नाही. सूज, दुखणे आणि खर्च मात्र कमी. ३-४ मिलिमीटरवाल्यांसाठी अजूनही बहुतेक वेळा खिडकीच उघडावी लागते.