आपद्धर्म

आपद्धर्म म्हणजे संकटात पाळायचा धर्म. दुष्काळ, परचक्र, उपासमार अशा वेळी नेहमीचे नियम पाळायला गेलं तर जीवच जाईल, मग तेवढ्यापुरती त्यात सूट. महाभारताच्या शांतिपर्वात राजधर्म आणि मोक्षधर्म यांच्या मधे आपद्धर्माचं वेगळं उपपर्वच आहे, शरशय्येवरचे भीष्म युधिष्ठिराला हे सगळं सांगतात.

त्यातली सगळ्यात गाजलेली गोष्ट विश्वामित्राची. बारा वर्षं पाऊस नाही, भुकेने कासावीस झालेला हा ऋषी रात्री चांडाळाच्या झोपडीत कुत्र्याची तंगडी चोरायला शिरतो आणि पकडला जातो. गंमत म्हणजे आता चांडाळच ऋषीला शास्त्र शिकवतो, पाच नखांचे पाचच प्राणी खायला चालतात, कुत्रा त्यात बसत नाही वगैरे. विश्वामित्राचं म्हणणं एवढंच की मरणापेक्षा जगणं बरं, जगलो तर धर्म करता येईल. वाद बराच लांबतो, चांडाळाला काही ते पटत नाही, पण शेवटी ऋषी ते मांस घेऊन जातोच, आधी देवांना भाग काढतो आणि मग पाऊस पडतो. टिळकांनी गीतारहस्यात कर्मजिज्ञासेच्या प्रकरणात ही कथा घेतली आहे.

मला स्वतःला छांदोग्य उपनिषदातली उषस्तीची गोष्ट जास्त नेमकी वाटते. कुरु देशात पिकं बुडालेली, उषस्ती चाक्रायण बायकोसोबत दुसऱ्याच्या गावात कसाबसा राहतोय. एक माणूस कुल्माष, म्हणजे हलकं कडधान्य, खात बसलेला दिसतो, हा त्याच्याकडून ते उष्टंच मागून खातो. तो माणूस वर पाणीही देऊ करतो तर हा म्हणतो नको, ते उष्टं होईल. अरे मग कुल्माष उष्टे नव्हते का? तर उत्तर असं की ते खाल्ले नसते तर जगलो नसतो, पाणी काय, मला हवं तेव्हा मिळतं. म्हणजे सूट घ्यायची ती जिवापुरती, त्यापुढे एक घोटही नाही. उरलेले कुल्माष बायकोने जपून ठेवलेले असतात, दुसऱ्या दिवशी तेच शिळे खाऊन तो राजाच्या यज्ञाला जातो.

मनुस्मृतीचा दहावा अध्याय याचे रीतसर नियम देतो. ब्राह्मणाचं स्वतःच्या कामावर भागत नसेल तर त्याने क्षत्रियाचं काम करावं, तेही जमलं नाही तर शेती-व्यापार, पण मांस, लाख, मीठ विकायचं नाही. अकराव्या अध्यायात अशीही ताकीद आहे की संकट नसताना जो सवलत वापरतो त्याला परलोकात फळ नाही. मात्र ही सवलत खालच्याच दिशेने जाते हे लपवून चालणार नाही, कारण खालच्या मानलेल्या जातीच्या माणसाने वरच्याचा धंदा केला तर राजाने त्याचं धन काढून घेऊन त्याला हाकलावं असंही त्याच दहाव्या अध्यायात लिहिलंय. उपाशी ऋषीला सूट आणि चांडाळाला मात्र कुठलीच नाही.

आज मराठीत हा शब्द बऱ्यापैकी सैल वापरतात, प्रवासात उपास मोडला की आपद्धर्म. २०२० च्या कोरोनात पायी वारी झाली नाही आणि ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटी बसने पंढरपूरला नेल्या, तिथे मात्र तो जुन्या अर्थाने बरोबर बसतो, चालणं सुटलं पण आषाढी चुकवली नाही, आणि साथ ओसरल्यावर २०२२ ला वारी परत पायीच निघाली.