दोन गोळ्या, दोनदा

डॉक्टरांच्या केबिनमधलं शेवटचं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं. "कळलं ना?" "हो." नंदीबैलासारखी मान हलते, चिठ्ठी घडी होऊन खिशात जाते आणि खरी चौकशी मेडिकलच्या काउंटरवर सुरू होते: "यातली जेवणाआधीची कुठली?" आमची मावशी तर तिथेही विचारत नाही. घरी येऊन शेजारच्या काकूंना विचारते, कारण त्यांना "अगदी तशाच गुलाबी गोळ्या" चालू आहेत. मावशी अडाणी नाही. नोकरी असेपर्यंत बँकेत दुसऱ्यांचे हिशेब तपासत होती.

सांगितलेलं माणसाला कळलं का, हे मोजण्याचा आता एक अभ्यासविषय झाला आहे. त्याला 'आरोग्य साक्षरता' म्हणतात. नाव 1974 पासूनचं असलं, तरी मोजमापाचं काम जोमाने सुरू झालं ते 1990 च्या दशकात. मला या विषयातला एक प्रयोग सगळ्यात जास्त आवडतो, कारण तो शाळेतल्या तोंडी परीक्षेइतका साधा आहे.

अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात टेरी डेव्हिस नावाच्या संशोधिका आहेत. त्यांनी आणि मायकेल वुल्फ वगैरे सहकाऱ्यांनी श्रेव्हपोर्ट, जॅक्सन आणि शिकागो या तीन शहरांतल्या दवाखान्यांत आलेल्या 395 रुग्णांना औषधाच्या पाच बाटल्या दाखवल्या. सगळे इंग्रजी बोलणारे, म्हणजे भाषेचा अडसर नाही. एका बाटलीवर लिहिलं होतं, 'दोन गोळ्या दिवसातून दोनदा घ्याव्यात.' हे कसं घ्याल, असं विचारलं. ज्यांचं वाचन सहावीच्या आसपास किंवा त्याखाली होतं, त्यांच्यातल्याही सुमारे 71 टक्के लोकांनी बरोबर सांगितलं. मग संशोधकांनी पुढचा प्रश्न विचारला: आता दिवसभरात किती गोळ्या घ्याल, त्या मोजून दाखवा. चार गोळ्या बाजूला काढणारे निघाले जेमतेम 35 टक्के.

वाक्य तोंडपाठ, हिशेब चुकलेला. 'दोन' आणि 'दोनदा' या दोन शब्दांचा गुणाकार करायचा आहे, हे बाटलीवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. 2006 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातला दुसरा आकडा शिकलेल्यांनी नीट वाचावा असा आहे: चांगलं वाचता येणाऱ्यांपैकीही 38 टक्के लोकांनी पाचातली किमान एक सूचना चुकीची समजून घेतली. म्हणजे दोष फक्त वाचणाऱ्याचा नाही, लिहिणाऱ्याचाही आहे.

वुल्फ यांनी पुढे आणखी एक गंमत केली. 55 ते 74 वयाच्या 464 जणांना सात औषधांचा एक काल्पनिक संच दिला आणि विचारलं, चोवीस तासांत हे कधी कधी घ्याल? नीट जुळवलं तर दिवसातून चार वेळांत सगळं बसत होतं. लोकांनी सरासरी सहा वेळा काढल्या, काहींनी सात किंवा जास्तही. एका औषधावर 'दिवसातून दोनदा' आणि दुसऱ्यावर 'दर बारा तासांनी' असं लिहिलं असेल, तर पाचातले जवळपास चार जण ती दोन औषधं वेगवेगळ्या वेळी घेणार होते. अर्थ एकच असून शब्द बदलल्याबरोबर दिवसाचं वेळापत्रक फाटलं. यावर त्यांनी सुचवलेला उपाय असा, की सगळ्या बाटल्यांवर फक्त चारच वेळा लिहाव्यात: सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि झोपताना.

हे वाचताना मला हसू आलं. आपल्याकडच्या चिठ्ठीवर '१-०-१' कित्येक वर्षांपासून लिहिलं जातंय! सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. गुणाकार नाही, बारा तासांचा हिशेब नाही. शिवाय मेडिकलवाला कागदी पाकिटावर पेनाने रेघा मारून देतो ते वेगळंच. ही पद्धत कुठल्या समितीने बसून ठरवली असेल असं वाटत नाही. रोज शंभर माणसांना तेच तेच समजावणाऱ्यांनी ती घडवली असणार. तोच मेडिकलवाला मग कात्रीने पट्टी कापून चार गोळ्या देतो आणि औषधाचं नाव व मुदतीची तारीख उरलेल्या तुकड्यावर त्याच्याच खणात राहते, हा भाग मात्र कौतुकाचा नाही.

पातळ औषधांचं प्रकरण याहून बिकट. 'एक चमचा' म्हणजे कुठला? चहाचा, पोह्याचा की डब्यातला हळदीचा? 2016 साली अमेरिकेत 2,110 पालकांना मुलांचं औषध मोजायला सांगितलं. नऊ वेळा मोजायचं होतं. 84 टक्के पालकांची निदान एकदा तरी चूक झाली, आणि पाचातल्या एकाने कधी ना कधी दुपटीपेक्षा जास्त औषध भरलं. बाटलीसोबत येणाऱ्या टोपणाच्या मापाने चुका जास्त झाल्या, सुईशिवायच्या सिरिंजने कमी. कारण उघड आहे. रुंद टोपणात एखाद्या मिलिलिटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, अरुंद नळीत तो लगेच दिसतो. बालरोगतज्ज्ञांकडे गेलात तर अशी सिरिंज मागून घ्या, एवढं सुचवतो.

शब्दांपेक्षा मोठा घोळ आकड्यांचा होतो. ऑक्टोबर 1995 मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने डॉक्टरांना तातडीने कळवलं, की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका दुप्पट होतो. बातमी फुटली. दुप्पट! घाबरून कित्येक बायकांनी गोळ्या थांबवल्या. खरं गणित असं होतं: जुन्या गोळ्या घेणाऱ्या सात हजारांत एकीला गुठळी होत होती, नव्या घेणाऱ्या सात हजारांत दोघींना. 'दुप्पट' खोटं नव्हतंच, पण कशाच्या दुप्पट हे कुणी सांगितलं नाही. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे 13 हजार गर्भपात जास्त झाले. गर्भारपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो, हा यातला सगळ्यात कडवट भाग. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर हे उदाहरण वारंवार देतात. आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे 'धोका 40 टक्क्यांनी वाढतो' छापाचे निरोप वाचताना मला ते आठवतं.

तर मग "कळलं ना?" च्या जागी काय विचारायचं? या प्रश्नाची अडचण अशी, की त्याला 'नाही' म्हणणं म्हणजे आपण मठ्ठ आहोत हे कबूल करणं. बाहेर पंचवीस जण रांगेत, समोर मोठं माणूस, मग कोण 'नाही' म्हणणार? शिवाय विस्मरण आहेच. डॉक्टरांनी सांगितलेल्यातलं 40 ते 80 टक्के तिथल्या तिथे विसरलं जातं आणि जे आठवतं त्यातलंही जवळपास निम्मं चुकीचं आठवतं, असा या संशोधनाचा एक बहुचर्चित गोषवारा आहे. उपाय म्हणून पुढे आलेल्या पद्धतीला इंग्रजीत टीच-बॅक म्हणतात. डॉक्टरने म्हणायचं, "मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. घरी गेल्यावर काकांना हे औषध कसं द्यायचं म्हणून सांगाल?" परीक्षा सांगणाऱ्याची आहे, ऐकणाऱ्याची नाही, हे पहिल्याच वाक्यात स्पष्ट करायचं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी रुग्णालयात डीन शिलिंजर यांच्या गटाने मधुमेहाच्या रुग्णांच्या भेटी ध्वनिमुद्रित केल्या. 38 डॉक्टर, 74 रुग्ण. डॉक्टरांनी सांगितलेल्या दर आठ नव्या गोष्टींमागे एकीबद्दलच रुग्णाला काय समजलं ते पडताळलं गेलं होतं. जिथे पडताळलं गेलं, त्या रुग्णांची साखर आटोक्यात असण्याचं प्रमाण बरंच जास्त होतं. अभ्यास लहान आहे आणि चांगले डॉक्टर इतरही गोष्टी चांगल्या करत असतील, हे मान्य. पण एक आक्षेप त्याने निकालात काढला. "एवढा वेळ कुठे असतो हो?" पडताळणी झालेल्या भेटी जास्त लांबल्या नव्हत्या.

हीच पद्धत, हे नाव रूढ होण्याआधी, प्रचंड प्रमाणावर वापरली गेली ती आपल्या शेजारी. 1980 ते 1990 या दहा वर्षांत बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर फिरून एक कोटी वीस लाखांहून जास्त कुटुंबांपर्यंत पोहोचल्या. जुलाब झालेल्या मुलाला पाजायचं मीठ-गुळाचं पाणी शिकवायचं होतं. वजनकाटा नाही, पाकीट नाही. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. आईने ते समोर करून दाखवायचं आणि लक्षात ठेवण्याचे दहा मुद्दे परत सांगायचे. खरी युक्ती पगारात होती. काही दिवसांनी दुसरं कुणीतरी निवडक घरी जाऊन आईला तेच विचारायचं आणि तिला किती आठवतं त्यावर कार्यकर्तीचे पैसे ठरायचे. किती घरी गेलीस यावर नाही, तर काय पोहोचलं यावर मोबदला. आपल्या जनजागृती मोहिमांचे अहवाल वाटलेल्या पत्रकांची संख्या मोजतात, तेव्हा मला ही युक्ती आठवून हळहळ वाटते.

आणि तरीही गाडी अडली. आयांना कृती आठवत होती, पाणी बरोबर करता येत होतं, पण मूल आजारी पडलं की फार थोड्या जणी ते पाजत होत्या. चौकशी केली तेव्हा एक कारण शब्दातच सापडलं. कार्यकर्त्या 'डायरिया' म्हणत होत्या. गावातल्या बायकांच्या लेखी मात्र पातळ शौचाचे चार वेगळे आजार होते: अंगावरच्या दुधाने होणारी ती दूध-हागा, न पचल्याने अजीर्ण, चिकट पडते ती आमाशा, आणि पटकीसारखा, पाण्यासारखा, जीव घेणारा तो डायरिया. मीठ-गुळाचं पाणी या चौथ्यासाठीच, अशी त्यांची समजूत झाली. आपल्याकडे 'जुलाब' म्हटल्यावर दात येतानाची हगवण त्यात धरणाऱ्या आया किती असतील, विचारून पाहा. आव तर वेगळीच.

दुसरं कारण आणखी साधं. शिकवणाऱ्या बायकांचाच त्या पाण्यावर पुरता विश्वास नव्हता. स्वतःचं पोट बिघडलं की त्या गोळ्या घ्यायच्या. मग त्यांना प्रयोगशाळेत नेऊन हे पाणी शरीरात काय करतं ते दाखवलं आणि स्वतः पिऊन बघायला लावलं. पुरुषांशीही बोलणं सुरू झालं, कारण घरातला शेवटचा शब्द त्यांचा होता. त्यानंतर वापर वाढत गेला.

माणसाला साक्षर करायचं की कामच साक्षरतेविना जमेल असं करायचं, हा यातला जुना वाद. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, आणि त्याचं कारण गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांना गावातल्या सुइणींकडून बाळांचा न्यूमोनिया ओळखून घ्यायचा होता. त्यासाठी मिनिटातले श्वास मोजावे लागतात: दोन महिन्यांच्या आतल्या बाळात साठ किंवा जास्त, त्याहून मोठ्या तान्ह्यात पन्नास किंवा जास्त असले तर धोका. पण या बायकांना मोजता यायचं ते बारापर्यंत. त्यांना शंभरपर्यंत आकडे शिकवण्याचा वर्ग काढता आला असता. त्याऐवजी बंगांनी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी असलेलं एक उपकरण बनवलं, एक ओळ लहानग्यांसाठी, दुसरी मोठ्या मुलांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला, तर औषध सुरू करायचं.