बँकेच्या ॲपमध्ये सगळा हिशोब असतो, मग वही कशाला?

"आता सगळं ऑनलाइन दिसतं, घरखर्च हाताने लिहायची गरजच नाही" असं बऱ्याच वर्षांपासून फॉरवर्ड होतंय. वाटणं साहजिक आहे, कारण ॲपमधला आकडा खरा असतो. फक्त तो आकडा खात्याचा असतो, घरखर्चाचा नाही.

एटीएममधून पैसे काढले की स्टेटमेंटमध्ये एकच ओळ येते, आणि ते पैसे पुढे भाजीत गेले, रिक्षात गेले की कोणाला उसने दिले हे बँकेला कळायचा मार्गच नाही. क्रेडिट कार्डचं तसंच, खरेदी गेल्या महिन्यात झालेली असते आणि खात्यातून बिल या महिन्यात एकदम जातं, म्हणून नुसतं खातं बघितलं तर हाच महिना जड गेल्यासारखा वाटतो. शिवाय दिलेला चेक समोरच्याने भरलेला नसेल तर बॅलन्स जास्त दिसतो, आणि ते पैसे आपले राहिलेलेच नसतात.

उलट बाजूही खरी आहे हं, बँकेचे चार्जेस आणि आपोआप कटणारे हप्ते वहीत हमखास राहून जातात.

स्वतः बघायचं असेल तर 1 महिना दोन्ही करा. सुरुवातीला हातात असलेली रोकड, त्यात काढलेले पैसे मिळवा, वहीत लिहिलेला रोख खर्च वजा करा, आणि आता पाकीट मोजा. जेवढी रक्कम कमी भरेल तेवढा खर्च लिहायचा राहिलाय, आणि तो ॲपमध्ये कितीही शोधलात तरी सापडणार नाही.